लेकॉकच्या वाड्यातल्या सावल्या

फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवता काही येत नाही, सगळं सांगूनच भागवायचं. पण आज ज्या फोटोची गोष्ट आहे तो तुमच्या हातात दिला असता तरी तुम्ही म्हणाला असतात, ‘यात काय बघायचं?’ टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढा कागदाचा तुकडा, जांभळट-तपकिरी, आणि त्यावर उलट्या रंगात उतरलेली एक जाळीदार खिडकी. साल १८३५, महिना ऑगस्ट. कॅमेऱ्याने काढलेल्या आणि आज शिल्लक असलेल्या निगेटिव्हमध्ये ही सगळ्यात जुनी मानली जाते.

ही खिडकी इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या लेकॉक अॅबी या जुन्या वाड्याची. फोटो काढणारा त्या वाड्याचा मालक, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. इतिहासाच्या पुस्तकांत या फोटोखाली त्याचं एकट्याचं नाव असतं. नाव बरोबरच आहे. पण आम्ही या वाड्याबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसं आम्हाला वाटायला लागलं की एवढ्या एका नावात ही गोष्ट मावत नाही.

वाडा म्हटलं तरी मुळात तो होता जोगिणींचा मठ. एला नावाच्या एका उमरावाच्या विधवेने १२३२ साली त्याचा पाया घातला. पुढे ती स्वतः तिथे जोगीण झाली आणि मठाची पहिली प्रमुखही झाली. तीनशे वर्षं बायकांनीच तो मठ चालवला. मग राजा आठवा हेन्री याने देशभरातले मठ मोडीत काढले, त्यात १५३९ साली हाही गेला. विल्यम शॅरिंग्टन नावाच्या सरदाराने तो विकत घेतला. मठाचं देऊळ त्याने पाडलं, पण जोगिणी ज्या कमानदार ओवऱ्यांतून फिरायच्या त्या तशाच ठेवून वरच्या मजल्यावर राहायचं घर केलं. या ओवऱ्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्याही असतील. हॅरी पॉटरच्या सिनेमांतले काही प्रसंग तिथेच चित्रित झाले आहेत. शॅरिंग्टनच्या पुतणीचं लग्न टॅल्बट घराण्यात झालं आणि वाडा त्या घराण्याकडे आला.

आपल्या गोष्टीतला टॅल्बट १८०० साली जन्मला आणि त्याच वर्षी त्याचा बाप वारला, तोही डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवून. वाडा भाड्याने देऊन टाकावा लागला. त्याची आई, लेडी एलिझाबेथ, मोठी हुशार आणि खमकी बाई. तिने दुसरं लग्न केलं, मुलाला शिकवलं, इस्टेटीची घडी पुन्हा बसवली, आणि १८२७ साली कुटुंब स्वतःच्या वाड्यात राहायला आलं. तोपर्यंत पोरगा गणितात, वनस्पतिशास्त्रात, जुन्या भाषांत पारंगत झाला होता. एकच गोष्ट त्याला साधत नव्हती, ती म्हणजे चित्र काढणं.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी त्या वर्गातल्या लेकीसुनांना जलरंगाची चित्रं काढायला शिकवत. टॅल्बटची बायको कॉन्स्टन्स छान चित्रं काढायची. १८३३च्या ऑक्टोबरात हे दोघं इटलीत कोमो तळ्याकाठी होते. टॅल्बटने आरशासारखं एक यंत्र लावून समोरचा देखावा कागदावर गिरवायचा प्रयत्न केला आणि जे उमटलं ते त्याचं त्यालाच बघवेना. तेव्हा त्याच्या मनात आलं की भिंगातून कागदावर पडणारं चित्र आपण हाताने गिरवण्याऐवजी ते आपलं आपणच कागदावर चिकटून राहिलं तर? आमच्यातली एक म्हणाली, बायकोसारखं चित्र येईना म्हणून बाबाने फोटो शोधून काढला! थट्टा सोडून द्या, पण स्वतः टॅल्बटनेच हा कोमो तळ्याचा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे.

घरी आल्यावर त्याने जे साहित्य वापरलं ते ऐकलंत तर तुम्हाला ते परकं वाटणार नाही. चांगला लिहायचा कागद, मीठ आणि चांदीचा एक क्षार, सिल्व्हर नायट्रेट. आपण मतदान करतो तेव्हा बोटाला जी शाई लावतात, तिच्यात हाच क्षार असतो. उजेड लागला की तो काळा पडतो. टॅल्बट कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, वरून चांदीच्या क्षाराचा हात फिरवायचा, मग त्यावर झाडाचं पान किंवा लेसचा तुकडा ठेवून उन्हात धरायचा. उघडा कागद काळा व्हायचा आणि पानाखालचा पांढरा राहायचा. यातली गंमत मिठाच्या प्रमाणात होती. मीठ बेताचं असलं की कागद उजेडाला चटकन धरायचा, आणि मीठ भरपूर घातलं की उजेडाचा परिणामच थांबायचा. म्हणजे चित्र काढायलाही मीठ आणि ते टिकवायलाही मीठ. लोणचं घालणाऱ्या बाईला हे दोनदा सांगावं लागणार नाही.

पण ते नीट टिकत नव्हतं. हे कळतं कुठून, तर एका बाईच्या पत्रातून. कॉन्स्टन्सची बहीण लॉरा मंडी हिने १८३४च्या डिसेंबरात मेहुण्याला आभाराचं पत्र लिहिलं. इतक्या सुंदर सावल्या पाठवल्याबद्दल ती त्याचे आभार मानते, आणि उन्हाळ्यात दिलेल्या आधीच्या सावल्या हळूहळू नाहीशा होत गेल्या याचं वाईट वाटलं असंही लिहिते. तिच्याकडे एक वही होती आणि त्या जागी आता या नव्या सावल्या ठेवता येतील याचा तिला आनंद होता. तेव्हा ‘फोटो’ हा शब्दच नव्हता, म्हणून सावल्या. टॅल्बटने १८३४ सालीच हे प्रयोग सुरू केले होते, याचा इतका जुना लेखी पुरावा दुसरा नाही. जगातला पहिला फोटो अल्बम म्हणायचा तर लॉराची ती वहीच म्हणायला हवी.

आता खिडकीकडे येऊ. १८३५चा उन्हाळा तिकडे चांगला कडक होता. टॅल्बटने लाकडाच्या छोट्या छोट्या पेट्या करून घेतल्या, प्रत्येकीला पुढून भिंग बसवलं आणि आत कागद. त्या पेट्या वाड्याभोवती ठिकठिकाणी ठेवून द्यायच्या आणि अर्ध्या तासाने गोळा करून आणायच्या. कॉन्स्टन्सने त्यांना नाव ठेवलं होतं ‘उंदराचे सापळे’. नवरा प्रवासाला निघाला की ती पत्रात विचारते, तुमचे सापळे बरोबर नेणार का, एखादा देखावा पकडून आणलात तर किती छान! त्या वेळी तिची थोरली मुलगी चार-पाच महिन्यांची होती. नाव ठेवलं होतं एला, मठ बांधणाऱ्या त्या बाईचं.

अशीच एक पेटी वाड्याच्या दक्षिणेकडच्या लांब दालनात, खिडकीसमोर ठेवली गेली. खिडकीच का? आत दुसरीकडे उजेडच नव्हता. जाड दगडी भिंती, लाकडी तक्तपोशी, आणि तो कागद इतका मंद की अंधाऱ्या खोलीत दिवसभर ठेवला तरी त्यावर काही उमटायचं नाही. ज्यांनी मोबाइलवर जुन्या वाड्याच्या माजघराचा फोटो काढून पाहिलाय त्यांना ही अडचण ठाऊक आहे: खिडकी तेवढी पांढरीफटक येते आणि बाकी सगळा काळोख. टॅल्बटचं त्याहून उलटं झालं. कागदावर उजेडाचं काळं झालं आणि अंधाराचं पांढरं. ज्यांनी रोलच्या कॅमेऱ्याचा जमाना पाहिलाय त्यांना आठवेल, स्टुडिओवाला पाकिटात फोटोंबरोबर तपकिरी पट्ट्या द्यायचा. त्या पट्ट्यांची ही खापरपणजी. या कागदाशेजारी टॅल्बटने टीप लिहून ठेवली आहे की केला तेव्हा खिडकीच्या जवळपास २०० काचा भिंगाने मोजता येत होत्या.

पुढे चार वर्षं हा विषय मागे पडला. १८३९च्या जानेवारीत पॅरिसहून बातमी आली की दागेर नावाच्या माणसाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र धरलं आहे. मग टॅल्बटची धावपळ झाली. महिना संपायच्या आत त्याने आपले कागद लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले. त्यात त्याने म्हटलं की स्वतःचं चित्र स्वतः काढणारी पहिली इमारत माझ्या माहितीप्रमाणे आमचा लेकॉकचा वाडा आहे. वाड्यानेच स्वतःचं चित्र काढलं! वाक्य फार सुरेख आहे. पण पेटी कुणी उचलून आणली, कागद कुणी वाळत घातले, खिडकीच्या काचा कुणी पुसल्या होत्या, हे त्या वाक्यात मावत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात कॉन्स्टन्स नवऱ्याला पत्र लिहिते. नवरा लंडनला, ही वाड्यात, पदरात तीन मुली आणि धाकटी तीन महिन्यांची. लिहिते की मी फोटोंवर खूप मेहनत घेते आहे, पण म्हणावं तसं यश येत नाही. नवऱ्याच्या मागे, त्याच्या बाटल्या आणि कागद घेऊन ती स्वतः फोटो काढत होती. म्हणून पुष्कळ जण तिला जगातली पहिली स्त्री छायाचित्रकार म्हणतात. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात कवितेच्या ओळींचा एक लहानसा फोटो आहे, तो तिचा असावा असं मानतात. खात्रीने तिचा म्हणावा असा एकही फोटो उरलेला नाही. तिने काही केलं होतं हे आपल्याला कळतं ते तिच्याच कागाळीवरून. नवऱ्याने काढलेला तिचा फोटो मात्र आहे, १८४०च्या ऑक्टोबरातला. कागदावर काढलेल्या माणसांच्या फोटोंमधला तो अगदी सुरुवातीचा. काही मिनिटं न हलता बसून राहणं हे तिचं त्यातलं काम.

१८४० साली टॅल्बटला नवी युक्ती सापडली. उजेडात कागद थोडाच वेळ ठेवायचा, मग चित्र दिसत नसलं तरी रसायनाने ते बाहेर काढायचं. तासाचं काम मिनिटांवर आलं. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्याने वाड्याचा कोपरान् कोपरा टिपला, आणि १८४४ ते १८४६ या काळात २४ फोटो चिकटवलेलं एक पुस्तक सहा भागांत काढलं. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’, म्हणजे निसर्गाची लेखणी.

या पुस्तकातला वाड्याच्या ‘आतला’ भाग बघण्यासारखा आहे. एका फोटोत फडताळावर मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत, कप, किटल्या, फुलदाण्या. टॅल्बट लिहितो की चोराने ही नेली तर कोर्टात हा फोटो मुका साक्षीदार म्हणून उभा करता येईल. आपण स्टीलच्या पातेल्यावर नाव घालून घेतो त्यातलाच प्रकार! दुसऱ्या फोटोत पुस्तकांची दोन फळ्या भरून रांग, नाव ‘ग्रंथालयातलं दृश्य’. मजा अशी की हे दृश्य ग्रंथालयातलं नाहीच. आत उजेड पुरेना म्हणून पुस्तकं बाहेर अंगणात आणून, तिथे फळीवर मांडून फोटो काढला होता. आपण वाळवण घालतो तसं घराचं आतलं बाहेर काढून उन्हात मांडलं तेव्हा कुठे ते ‘आत’ दिसलं. ती पुस्तकं कुणी वाहून आणली आणि संध्याकाळी परत कुणी लावली, याची नोंद नाही.

आमचा सगळ्यात आवडता फोटो ‘उघडं दार’. तबेल्याचं वाटावं असं एक जुनं दार, भिंतीला लावलेला काटक्यांचा झाडू, एका बाजूला अडकवलेला कंदील, दुसऱ्या बाजूला घोड्याचा लगाम. बस, एवढंच. आधीच्या वर्षांतही त्याने अशाच मांडणीचे फोटो काढले होते आणि त्याच्या आईने त्यातल्या एकाला नाव दिलं होतं ‘झाडूचं स्वगत’. म्हाताऱ्या सासूबाईंची नजर पाहा! मोठमोठे समीक्षक या फोटोतल्या उजेड-अंधाराबद्दल पानंच्या पानं लिहितात. लेडी एलिझाबेथला मात्र वाटलं की झाडू काहीतरी बोलतो आहे. झाडणारी किंवा झाडणारा कोण, ते तिनेही लिहिलं नाही. झाडू बोलतो, हात गप्प राहतात.

वाड्याच्या भोवतीही टॅल्बट हिंडला. गवताची गंजी आणि तिला लावलेली शिडी, एव्हन नदीच्या पाण्यात पडलेलं मठाचं प्रतिबिंब, हिवाळ्यातलं पानं झडलेलं ओकचं झाड. झाडाचा फोटो हिवाळ्यात काढायचा फायदा उघड आहे. पानं हलतात, नुसत्या फांद्या त्या मानाने स्थिर राहतात. गंजीबद्दल तो लिहितो की यातली एकेक काडी कोणता चित्रकार काढत बसेल? कॅमेरा मात्र सगळं घेतो, ज्याच्याकडे फोटो काढणाऱ्याचंही लक्ष नव्हतं तेसुद्धा.

झाडापानांचं वेड एकट्या टॅल्बटला नव्हतं. त्याच्या ओळखीतले एक शास्त्रज्ञ होते, जॉन चिल्ड्रेन. त्यांची मुलगी अॅना अॅटकिन्स. तिने समुद्रातलं शेवाळ गोळा करून, वाळवून, निळ्या रंगात उमटणाऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरलं. इंजिनिअर लोकांच्या ब्लू प्रिंटची तीच पद्धत. १८४३ साली तिने आपल्या पुस्तकाचा पहिला भाग काढला, म्हणजे टॅल्बटच्या पुस्तकाच्या आदल्या वर्षी. पुढची दहा वर्षं ते काम चाललं आणि ४००च्या आसपास पानं झाली, मजकूरसुद्धा तिच्याच हस्ताक्षरात. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक ते हे. तिने त्यावर पूर्ण नाव न घालता नुसती दोन अक्षरं घातली. त्यामुळे ती अक्षरं कुणाची, असा घोळ पुढे कित्येक वर्षं राहिला.

हे सगळं सांगण्याचं कारण आता सांगतो. आमच्या भागातला एक जुना वाडा गेल्या वर्षी उतरवला. लाकूड विकलं गेलं, दगड विकला गेला. रेडिओसाठी त्या वाड्याच्या आठवणी नोंदवाव्यात म्हणून आम्ही त्या घरच्यांकडून जुने फोटो मागून आणले. चाळीसेक निघाले. ओसरीवर बसलेले पुरुष, दिवाणखान्यातली हंडी, देवघर, अंगणातली लग्नं. माजघर एकाही फोटोत नाही. चूल नाही, न्हाणीघर नाही, बाळंतिणीची खोली नाही. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकूंना विचारलं, तर त्या हसल्या. “अगं, चुलीचा फोटो कोण काढतंय? धूर असायचा. फोटोवाल्याला ओसरीच्या आत घेत नसत, आणि आम्हाला बाहेर यायला सवड नसायची.”

मग एका लग्नाच्या फोटोत, अगदी कडेला, दाराच्या फटीत एक हात दिसला. हातात सूप, मनगटात बांगड्या. फोटो काढणाऱ्याचं तिकडे लक्ष असणं शक्यच नाही. काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, चष्मा काढला, परत लावला. म्हणाल्या, “ही आमची मोठी जाऊ. तिच्या बांगड्या अशाच चढवलेल्या असायच्या.” त्या जाऊबाईंचा दुसरा एकही फोटो घरात नाही.

टॅल्बटचं म्हणणं खरंच होतं, कॅमेरा सगळं घेतो. पण तो हात कुणाचा हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असणारं माणूस हयात आहे तोवरच विचारून घ्यावं लागतं.

आपल्याकडे ही कला फार उशिरा आली असंही नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होते. तरी माजघरापर्यंत पोहोचायला कॅमेऱ्याला मोबाइलची वाट बघावी लागली.

लेकॉकचं पुढे काय झालं? टॅल्बट १८७७ साली वारला, कॉन्स्टन्स १८८० साली. मुलगा चार्ल्स जुन्या वस्तूंचा षोकी. त्याने वाड्यात फारसे बदल केले नाहीत आणि बापाचे कागदही टाकून दिले नाहीत, हे श्रेय त्याचं. त्याला मूलबाळ नव्हतं. १९१६ साली सगळं आलं त्याच्या भाचीकडे, मटिल्डाकडे. १८३९ साली जी तान्ही मुलगी कॉन्स्टन्सच्या पदरात होती, तिची ही लेक. मटिल्डाने आडनाव टॅल्बट लावलं, आजोबांच्या कामाचं प्रदर्शन वाड्यातच भरवलं, आणि १९३७ साली हजारो निगेटिव्ह, फोटो आणि उपकरणं लंडनच्या सायन्स म्युझियमला दिली. आपली खिडकी त्यातच होती. १९४४ साली, लढाई चालू असताना, तिने वाडा आणि त्याबरोबर अख्खं लेकॉक गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. मोडून, तुकडे करून विकायची सोय तिने ठेवली नाही. बाईंनी सुरू केलेली वास्तू सातशे वर्षांनी बाईंच्याच हातून सगळ्यांची झाली.

खिडकी अजून जागेवर आहे. समोर उभं राहून तिच्या काचा कुणालाही मोजता येतात. कागदावरच्या काचा मात्र आता तितक्या स्पष्ट नाहीत. टॅल्बटने ‘केला तेव्हा’ असं लिहिलं होतं, म्हणजे त्यालाही ते उडत चाललेलं दिसत असणार. मूळ कागद उजेडापासून दूर, अंधारात जपून ठेवतात. उजेडानेच काढलेलं चित्र, आणि त्याला भीती उजेडाचीच.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे घराचे जुने फोटो असतील तर ते भिंतीवर उन्हात टांगून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर कपाटात कोंबूही नका. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फोटोत कोण कोण आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या आठवड्यातच विचारा आणि मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हाताने लिहा. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पुढे फुटते. फोटोत नसलेल्यांचीही नावं लिहा: स्वयंपाकघरात कोण होतं, झाडू कुणी मारला होता. आणि उजेड चांगला असेल अशा एखाद्या सकाळी चुलीचा, ओट्याचा, मागच्या पडवीचा एकेक फोटो काढा. आत अंधार असला तर दार उघडा, काय हवं ते अंगणात आणून मांडा. काढलेले फोटो घेऊन आमच्याकडे या. दर गुरुवारी दुपारी आम्ही केंद्रावर असतो.